नऊ सामन्यांचे गणित : नशीब किती, कौशल्य किती?

इंग्लंडच्या पूर्व बाजूला, हंबर नदीच्या मुखाशी हल नावाचे बंदराचे शहर आहे. तेथील हल सिटी हा फुटबॉल संघ १९०४ साली स्थापन झाला. पण इंग्लंडच्या सर्वांत वरच्या साखळीत खेळण्याचा मान त्याला पहिल्यांदा मिळाला तो २००८ साली, म्हणजे तब्बल १०४ वर्षांनी. अशा नवागत संघाकडून कोणी फारशी अपेक्षा ठेवीत नाही. वीस संघांच्या या साखळीत शेवटचे तीन संघ हंगामाच्या अखेरीस खालच्या श्रेणीत ढकलले जातात, आणि नुकतेच वर आलेले संघ बहुधा त्या तिघांत सापडतात.

पण ऑगस्ट २००८ मध्ये हंगाम सुरू झाला आणि सारेच उलटे घडू लागले. हलचे पहिले नऊ सामने पाहा. आधी हलचे गोल, मग प्रतिस्पर्ध्याचे:

फुलहॅम २–१, विजय
ब्लॅकबर्न १–१, बरोबरी
विगन ०–५, पराभव
न्यूकॅसल २–१, विजय
एव्हर्टन २–२, बरोबरी
आर्सेनल २–१, विजय
टॉटनहॅम १–०, विजय
वेस्ट हॅम १–०, विजय
वेस्ट ब्रॉमविच ३–०, विजय

विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, पराभवाला शून्य. सहा विजय, दोन बरोबरी, एक पराभव. एकूण २० गुण. त्याच वेळी चेल्सी या बलाढ्य आणि धनाढ्य संघाचे नऊ सामन्यांतून किती गुण होते? तेही २०, आणि तेसुद्धा सहा विजय, दोन बरोबरी, एक पराभव याच हिशेबाने! नुसते गुण पाहणाऱ्याला हल आणि चेल्सी यांत काहीच फरक दिसला नसता.

आता प्रश्न असा, की हलचा संघ खरोखरच इतका चांगला होता, की त्याचे नशीब जोरावर होते? चहाच्या दुकानात बसून या प्रश्नावर तासन् तास वाद घालता येईल. आपण मात्र कागद-पेन्सिल घेऊ आणि जमल्यास एक फासाही घेऊ.

आधी हे पाहू, की फुटबॉलमध्ये नशिबाला एवढा वाव का मिळतो. कबड्डीच्या सामन्यात दोन्ही बाजू मिळून पन्नास-साठ गुण सहज होतात. एखादी चढाई पाय घसरल्यामुळे फसली, तरी शेवटी बिघडते थोडेच. बास्केटबॉलमध्ये तर शंभरावर गुण होतात. फुटबॉलमध्ये एका सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून सरासरी अडीच-पावणेतीन गोल होतात. त्यातला एखादा गोल बचावपटूच्या पायाला लागून दिशा बदललेल्या चेंडूने झाला, किंवा गोलखांबाला आपटून चेंडू आत जाण्याऐवजी बाहेर आला, तर सामन्याचा निकालच फिरतो. पोत्यातले धान्य कसे आहे हे ओंजळभर दाणे पाहून बऱ्यापैकी कळते. दोन-तीन दाणे पाहून कळत नाही. फुटबॉलचा सामना म्हणजे दोन-तीन दाणेच.

चार्ल्स रीप नावाचे इंग्लंडच्या हवाई दलात हिशेबाचे काम पाहणारे एक अधिकारी होते. १९५० साली स्विंडन येथे सामना पाहता पाहता त्यांनी वही काढून प्रत्येक हल्ल्याची, प्रत्येक फटक्याची नोंद करायला सुरुवात केली, आणि पुढे आयुष्यभर हा छंद सोडला नाही. बेंजामिन या संख्याशास्त्रज्ञांबरोबर त्यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दिसून आले, की गोलच्या दिशेने मारलेल्या सुमारे दहा फटक्यांमागे एक गोल होतो. दहातला नेमका कोणता फटका आत जाईल हे सांगता येत नाही. या खेळावर योगायोगाचेच वर्चस्व आहे, असा निष्कर्ष त्या दोघांनी काढला. त्यावर १९७४ मध्ये हिल नावाच्या दुसऱ्या संख्याशास्त्रज्ञांनी सरळ साधी हरकत घेतली : सारेच योगायोगाचे असेल, तर हंगाम सुरू होण्यापूर्वी जाणकारांनी केलेली भाकिते आणि अखेरचे क्रमांक यांचा मेळ बसता कामा नये, तो तर बसतो! मला वाटते, दोघांचेही खरे होते. रीप-बेंजामिन एकेका सामन्याकडे पाहत होते, हिल संपूर्ण हंगामाकडे. या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी नशिबाचे पारडे हलके होते आणि कौशल्याचे जड होते. ते कोठे, हेच आपल्याला शोधायचे आहे.

त्यासाठी आधी असे जग कल्पू, की ज्यात कौशल्य नाहीच. प्रत्येकाने नऊ वेळा फासा टाकायचा. १ किंवा २ पडले तर विजय, ३ किंवा ४ पडले तर बरोबरी, ५ किंवा ६ पडले तर पराभव. अशा ‘संघा’ला नऊपैकी सहा किंवा अधिक विजय मिळण्याची संभाव्यता किती?

प्रत्येक सामन्याचे तीन निकाल संभवतात, म्हणून नऊ सामन्यांचे एकूण प्रकार ३ चा नववा घात, म्हणजे १९,६८३. आता नेमके सहा विजय हवेत, तर नवांतून सहा सामने निवडण्याचे ८४ मार्ग आहेत, आणि उरलेल्या तीन सामन्यांत बरोबरी किंवा पराभव असे दोन-दोन पर्याय, म्हणजे ८. त्यामुळे ८४ × ८ = ६७२. सात विजयांसाठी ३६ × ४ = १४४, आठांसाठी ९ × २ = १८, आणि नऊच्या नऊ जिंकण्याचा प्रकार एकच. बेरीज ८३५. तेव्हा संभाव्यता ८३५ भागिले १९,६८३, म्हणजे शेकडा सव्वाचार. चोविसात एक म्हणा.

चोविसात एक ही गोष्ट दुर्मीळ आहे की नाही? एकच मुलगा उभा करून ‘तू सहा विजय मिळवून दाखव’ असे म्हटले, तर दुर्मीळ. पण तुमच्या तुकडीत ४८ मुले असतील आणि सगळ्यांनी फासे टाकले, तर त्यांत दोन जण तरी सहा विजयवाले निघतील अशी अपेक्षा धरायला हरकत नाही. वीस संघांच्या साखळीत तर, वीसही संघ अगदी सारखे असले तरी, निम्म्याहून अधिक हंगामांत कोणता ना कोणता संघ अशी सुरुवात करीलच. (संघ आपापसांतच खेळतात, एकाचा विजय तो दुसऱ्याचा पराभव असतो, म्हणून हे गणित तंतोतंत नाही, पण ढोबळ अंदाजाला पुरेसे आहे.) वर्तमानपत्रांचे लक्ष नेमके त्याच संघाकडे जाते. ‘हलला हे जमण्याची शक्यता किती?’ आणि ‘कोणाला तरी हे जमण्याची शक्यता किती?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि लोक पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला देऊन मोकळे होतात.

फाशाचा हा खेळ तुकडीत खरोखरच करून पाहा, आणि शिक्षकांनी त्यात थोडी भर घालावी. पहिली फेरी झाली की सर्वांत जास्त गुणांच्या पाच जणांना शाबासकी द्यावी आणि सर्वांत कमी गुणांच्या पाच जणांना चांगले खडसवावे. मग पुन्हा नऊ-नऊ फासे टाकू द्यावेत. शाबासकी मिळालेल्यांचे गुण बहुधा उतरतील आणि बोलणी खाल्लेल्यांचे चढतील! नऊ फाशांची सरासरी १२ गुण. दुसऱ्या फेरीत दोन्ही गट त्या १२ च्या आसपास येऊन बसतात. न समजणारा माणूस म्हणेल, कौतुकाने मुले बिघडतात आणि दटावल्याने सुधारतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडिलांची आणि मुलांची उंची ताडून पाहताना हाच प्रकार ओळखला होता. त्याला सरासरीकडे परतणे असे म्हणता येईल.

येथे एका गैरसमजापासून सावध राहायला हवे. सरासरीकडे परतणे म्हणजे नशिबाने दिलेली उधारी परत फेडणे नव्हे. पहिल्या फेरीत २० गुण मिळवणाऱ्याला दुसऱ्या फेरीत चारच मिळतील असे नाही. त्याला साधारण १२ मिळतील. फाशाला मागचे काही आठवत नाही. नशिबाने आलेले जादा गुण खात्यावर राहतात, फक्त पुढे तसे आणखी मिळत नाहीत. हे लक्षात ठेवा. हलच्या गोष्टीत ते शेवटी फार मोलाचे ठरले.

आता खऱ्या साखळीकडे वळू. खरी साखळी फाशांची नसते हे उघड आहे. किती प्रमाणात नसते, हे मोजायचे कसे? संघांचे गुण किती पसरलेले आहेत ते पाहून. प्रत्येक संघाचे गुण सरासरीपासून किती दूर आहेत ते घ्या, त्या अंतरांचे वर्ग करा, आणि त्या वर्गांची सरासरी काढा. या आकड्याला आपण ‘पसाऱ्याचा वर्ग’ म्हणू. (संख्याशास्त्रात याला प्रचरण म्हणतात, त्याचे वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन.)

फाशाच्या एका सामन्यात ३, १ किंवा ० गुण मिळतात, सरासरी ४/३. अंतरे ५/३, १/३ आणि ४/३. त्यांचे वर्ग २५/९, १/९ आणि १६/९. त्यांची सरासरी १४/९. सामने एकमेकांवर अवलंबून नसतील, तर हे आकडे सरळ मिळवता येतात. म्हणून संपूर्ण हंगामाच्या ३८ सामन्यांसाठी नुसत्या नशिबाच्या पसाऱ्याचा वर्ग ३८ × १४/९, म्हणजे ५९.

२००८-०९ च्या हंगामाअखेर वीस संघांचे गुण असे होते : ९०, ८६, ८३, ७२, ६३, ६२, ५३, ५१, ५१, ५०, ४५, ४५, ४१, ४१, ४१, ३६, ३५, ३४, ३२, ३२. सरासरी ५२ च्या किंचित वर. पसाऱ्याचा वर्ग काढून पाहा. तो ३१६ येतो. (गणकयंत्र जवळ असेल तर पाच मिनिटांचे काम, नसेल तर पंधरा.)

फाशांनी ५९ दिले असते, प्रत्यक्षात ३१६ आहेत. उरलेले २५७ कोठून आले? संघांच्या खऱ्याखुऱ्या कमी-जास्त ताकदीतून. खेळाडू, प्रशिक्षक, पैसा, सराव, जे जे टिकाऊ आहे ते सारे आपण येथे ‘कौशल्य’ या एका शब्दात घालतो आहोत. काटकोन त्रिकोणात दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज कर्णाच्या वर्गाइतकी असते, तसेच येथे आहे. नशीब ही एक बाजू, कौशल्य ही दुसरी, आणि गुणतक्त्यात आपल्याला दिसतो तो फक्त कर्ण.

यापुढची पायरी मला सर्वांत सुंदर वाटते. सामने वाढत जातात तसे नशीब आणि कौशल्य दोन्ही साठत जातात, पण एकाच वेगाने नाही. जो संघ सामन्यागणिक अर्धा गुण सरस आहे, तो दोन सामन्यांत एक गुणाने, नऊ सामन्यांत साडेचार गुणांनी पुढे जातो. त्याची आघाडी एकाच दिशेने वाढते. नशीब मात्र कधी इकडे, कधी तिकडे. त्यातले बरेचसे आपापसांत फिटते. म्हणून नशिबाच्या पसाऱ्याचा वर्ग सामन्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, आणि कौशल्याच्या पसाऱ्याचा वर्ग सामन्यांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात. ३८ सामन्यांना कौशल्याचे २५७, तर एका सामन्याला २५७ भागिले ३८ × ३८, म्हणजे ०.१७८. आता कोष्टक मांडू :

१ सामना : कौशल्य ०.१८, नशीब १.५६
९ सामने : कौशल्य १४.४, नशीब १४.०
३८ सामने : कौशल्य २५७, नशीब ५९

एका सामन्यात नशीब कौशल्याच्या जवळजवळ नऊपट आहे. संपूर्ण हंगामात कौशल्य नशिबाच्या चौपटीहून अधिक आहे. आणि नऊ सामन्यांना काटा अगदी मधोमध उभा राहतो! (प्रत्यक्षात बरोबरीचे सामने तिसऱ्या हिश्शाऐवजी सुमारे चौथा हिस्सा असतात, ते धरले तर उत्तर नऊऐवजी दहाच्या जवळ जाते. आपण नऊच धरू.)

याचा व्यवहारात उपयोग असा : नऊ सामन्यांनंतर एखादा संघ सरासरीच्या जितका वर दिसतो, त्यातला निम्मा भाग खरा मानावा. हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगायची तर संघाच्या खात्यात नऊ सरासरी सामने मनानेच मिळवावेत आणि मग भागाकार करावा. ही युक्ती कितीही सामन्यांनंतर चालते. तीन सामने झाले असतील तर त्या तिनांत नऊ सरासरी सामने मिळवा. संघाची तीनही सामन्यांतली करामत बाराच्या भागाकारात किती पातळ होते ते दिसेल.

हलचे पाहू. २० गुण, त्यात नऊ सरासरी सामन्यांचे १२. एकूण ३२ भागिले १८, म्हणजे सामन्याला १.७८ गुण. उरलेल्या २९ सामन्यांत सुमारे ५२ गुण. पण चेल्सीचेही गुण २०, तेव्हा त्यांचेही उत्तर ५२! येथे कोणीही शहाणा वाचक थांबेल. दोन्ही संघ सारखे कसे?

सारखे नव्हतेच. आपण फक्त गुण पाहिले, आणि हातात असलेली बाकी माहिती फेकून दिली. पहिली गोष्ट गोलांची. चेल्सीने नऊ सामन्यांत १९ गोल केले आणि ४ खाल्ले, फरक १५. हलने १४ केले आणि ११ खाल्ले. फरक अवघा ३. हलचे सहापैकी पाच विजय एकेका गोलाचे आहेत. त्यांतला एखादा गोल चुकला असता, की तीन गुणांचा एकच झाला असता. गोल हे गुणांपेक्षा संख्येने अधिक असतात, म्हणून ते संघाची ताकद जरा लवकर उघड करतात. अलीकडे तर याही पलीकडे जाऊन प्रत्येक फटका कोठून व कसा मारला गेला, तशा फटक्यांतून एरवी किती वेळा गोल होतो, हे पाहून ‘अपेक्षित गोल’ मोजतात. रीपसाहेबांच्या वहीचाच तो वंशज म्हणायचा.

दुसरी गोष्ट पूर्वेतिहासाची. ‘नऊ सरासरी सामने’ मिळवताना सरासरी कोणाची घ्यायची? चेल्सी आदल्या हंगामात ८५ गुणांसह दुसरा आला होता, म्हणजे सामन्याला सव्वादोन गुणांच्या आसपास. त्या हिशेबाने नऊ सामन्यांचे २० मिळवू : ४० भागिले १८, गुणिले २९, सुमारे ६४. हल मात्र नवागत. आदल्या हंगामात वर आलेल्या तीन संघांना अनुक्रमे ३९, ३५ आणि ११ गुण मिळाले होते. आपण उदारपणे सामन्याला एक गुण धरू : २० अधिक ९, भागिले १८, गुणिले २९, सुमारे ४७.

प्रत्यक्षात काय झाले? २९ ऑक्टोबर २००८ रोजी हे दोन ‘सारखे’ संघ हलच्या मैदानावर भेटले, आणि चेल्सीने ३–० असा सामना जिंकला. चेल्सीने उरलेल्या २९ सामन्यांत ६३ गुण मिळवले. आपला अंदाज ६४. हलने मिळवले १५. दोन विजय, नऊ बरोबरी, अठरा पराभव.

४७ कोठे आणि १५ कोठे! आता प्रामाणिकपणे विचारले पाहिजे, की हा खड्डा नशिबाचा मानता येईल काय? २९ सामन्यांत नुसत्या नशिबाने होणारे प्रमाण विचलन २९ × १४/९ चे वर्गमूळ, म्हणजे ६.७ गुण. त्याची दुप्पट केली तरी १३. आपण ३२ गुणांनी चुकलो. नवागतांविषयी आणखी कडक धोरण ठेवून अंदाज ३६ वर आणला, तरीही १५ फार खाली राहतात. तेव्हा पहिल्या नऊ सामन्यांत हलला नशिबाने हात दिला हे खरे, पण पुढे संघ खरोखरच ढासळला असेही मानणे भाग आहे. शिवाय हेही ध्यानात असू द्या, की मी तुम्हाला हलचीच गोष्ट सांगतो आहे, ती एवढी टोकाची आहे म्हणून. चांगली सुरुवात करून पुढे बेताची कामगिरी करणाऱ्या डझनभर संघांच्या गोष्टी कोणी सांगत नाही.

या ढासळण्याला लोकांनी एक कारण शोधून काढले. २६ डिसेंबर २००८ रोजी मँचेस्टर सिटीविरुद्ध हल मध्यंतराला ०–४ असा मागे होता. प्रशिक्षक फिल ब्राऊन यांनी खेळाडूंना आत नेण्याऐवजी मैदानावरच, हजारो प्रेक्षकांच्या देखत, गोलाकार बसवले आणि तेथेच फैलावर घेतले. सामना १–५ असा गेला. खेळाडूंचा जाहीर पाणउतारा झाला आणि तेथून संघ खचला, असे पुढे वर्षानुवर्षे सांगितले गेले.

ताडून पाहू या. हा हलचा एकोणिसावा सामना. दहाव्यापासून अठराव्यापर्यंतच्या नऊ सामन्यांत हलने काय केले होते? एक विजय, चार बरोबरी, चार पराभव, सात गुण. म्हणजे २० नंतर ७, आणि तेही प्रशिक्षकांनी मैदानावर तोंड उघडण्यापूर्वी! घसरण आधीच झालेली होती. त्या सामन्यानंतरच्या १९ सामन्यांत ८ गुण मिळाले, हा वेग आणखी कमी आहे. तेव्हा त्या प्रसंगाचा काहीच परिणाम झाला नाही असेही छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण २० वरून ७ वर येण्याचे खापर त्यावर फोडता येत नाही, एवढे नक्की. कारण नेहमी परिणामाच्या आधी असावे लागते.

याच हंगामाच्या दुसऱ्या टोकाला टॉटनहॅम होता. पहिल्या आठ सामन्यांत त्यांना फक्त दोन गुण मिळाले. प्रशिक्षक हुआंदे रामोस यांना काढून हॅरी रेडनॅप यांना आणले गेले, आणि संघ ५१ गुणांवर, आठव्या क्रमांकावर जाऊन थांबला. श्रेय अर्थातच नव्या प्रशिक्षकांना मिळाले. त्यातले काही त्यांचे असेलही; पण दोन गुणांवरून वर येणे हे कोणाच्याही हाताखाली बऱ्याच अंशी घडलेच असते. प्रशिक्षक नेमके संघ तळाला असताना बदलले जातात, आणि तुकडीतल्या त्या खडसावलेल्या पाच मुलांप्रमाणे तेथून वर येण्याचीच शक्यता अधिक असते. अशा हिशेबावर माणसांच्या नोकऱ्या जातात आणि मिळतात.

२४ मे २००९ या शेवटच्या दिवशी हल घरच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेडकडून ०–१ असा हरला. पण त्याच वेळी न्यूकॅसलही ॲस्टन व्हिलाकडून ०–१ असा हरला. हलचे ३५ गुण, न्यूकॅसलचे ३४. एका गुणाने हल वाचला. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये जमलेल्या त्या २० गुणांतले किती नशिबाचे होते, हे तेव्हा कोणी विचारले नाही; ते खात्यावर होते. पुढल्या हंगामात मात्र हल ३० गुणांसह खालच्या श्रेणीत गेलाच.

आता तुमच्यासाठी एक उदाहरण, आणि ते मुद्दाम उलट्या बाजूचे. २०१५-१६ मध्ये लेस्टर सिटी या संघाने पहिल्या नऊ सामन्यांत १६ गुण मिळवले. १९ गोल केले, १७ खाल्ले. म्हणजे गुण हलपेक्षा कमी, गोलफरकही कमी, अवघा २. हंगामापूर्वी हा संघ विजेता होण्यावर इंग्लंडमध्ये एकास पाच हजार असा भाव मिळत होता. प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरी यांनी खेळाडूंना आमिष दाखवले होते, की एकही गोल न खाता सामना संपवा, मी तुम्हाला पिझ्झा खाऊ घालतो. दहाव्या सामन्यात, २४ ऑक्टोबर २०१५ रोजी, तो पिझ्झा त्यांनी १–० असा कमावला. उरलेल्या २९ सामन्यांत लेस्टरने ४९ गोल केले, १९ खाल्ले, ६५ गुण मिळवले आणि ८१ गुणांसह साखळी जिंकली. पुढच्या वर्षी तोच संघ ४४ गुणांवर आला.

लेस्टरचा आदला हंगामही देतो. २०१४-१५ मध्ये पहिल्या २९ सामन्यांत त्यांना १९ गुण होते आणि ते तळाला होते. शेवटच्या नऊ सामन्यांत सात विजय व एक बरोबरी मिळवून त्यांनी २२ गुण जोडले. आता ‘नऊ सरासरी सामन्यांचे १२ गुण’ मिळवण्याची आपली रीत तीन प्रकारे वापरा : एकदा नव्या हंगामाचे नऊच सामने घेऊन, एकदा त्यात आदल्या हंगामातले शेवटचे नऊ मिळवून, आणि एकदा सगळेच्या सगळे ४७ सामने घेऊन. प्रत्येक वेळी उरलेल्या २९ सामन्यांतील गुणांचा अंदाज काढा. तीन उत्तरांपैकी कोणते ६५ च्या सर्वांत जवळ येते ते पाहा. आणि २४ ऑक्टोबर २०१५ च्या आदल्या दिवशी बसून नेमके तेच उत्तर निवडायला तुमच्याकडे काही कारण होते का, यावर तुकडीत दोन बाजू करून वाद घाला.